नऊ किलो कुठे गेले

माझ्या भावोजींचा मला पहिल्यापासून राग येई. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांची बाजू घेतेय असं कुणाला वाटायला नको. राग येण्याचं कारण साधं होतं. हा माणूस कधी चुकत नसे, आणि आपण चुकलो की लगेच दाखवून देई, तेही हसतमुखानं.

ते एका मोठ्या गोदामाच्या वजनकाट्यावर होते. फाटकाला लागून काचेची एक केबिन, केबिनसमोर जमिनीत बसवलेला लोखंडी काटा. भरलेला ट्रक वर चढला की एक आकडा, माल उतरवून तोच ट्रक परत आला की दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा केला की मालाचं वजन. सत्तावीस वर्षं त्यांनी एवढी एकच वजाबाकी केली, पण अशी केली की ड्रायव्हर लोक त्यांना काटेमास्तर म्हणत आणि वचकून असत. एकदा एक रिकामा ट्रक मागच्या खेपेपेक्षा नव्वद किलो हलका भरला. नऊ टनांच्या ट्रकात नव्वद किलो म्हणजे काय! दुसऱ्या कुणी कानाडोळा केला असता. ह्यांनी पावती अडवून धरली. ड्रायव्हरनं आकाशपाताळ एक केलं, शपथा घेतल्या. शेवटी भावोजी स्वतः ट्रकाखाली वाकले आणि म्हणाले, "जास्तीचं चाक घरी विसरून आलायस." तसंच होतं.

ही गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मोठी बहीण, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसे. मी हसत नसे. माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. दिवसातून एकदा तरी ताई दुकानात यायची नाहीतर मी तिच्याकडे जायची, त्यामुळे चाकाची गोष्ट मला तोंडपाठ होती.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी भावोजींच्या छातीत दुखलं. थोडक्यात निभावलं, पण माणूस पार खचला. केबिनमध्ये बसून बसून हे झालं, असं त्यांना दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, आणि त्याच बाईंनी त्यांना सर्किट ट्रेनिंग शिकवलं. झालं, त्यांना नवा काटा सापडला. एरवी खुर्चीतून उठताना पृथ्वीवर उपकार करणारा हा माणूस घरात जिन्याच्या पायरीवर चढ-उतर करू लागला. सहा महिन्यांत रंग पालटला. मग त्यांनी गोदामाच्या साहेबांच्या मागे लागून रिकाम्या पोत्यांची एक शेड मागून घेतली आणि संध्याकाळी पाळी सुटल्यावर तिथे वर्ग सुरू केला. आठवड्यातून चार दिवस, ज्याला यायचं त्यानं यावं.

शेडमध्ये जमिनीवर खडूनं आठ गोल काढलेले असत. एका गोलात उठाबशा, दुसऱ्यात भिंतीला हात टेकून जोर, तिसऱ्यात दोरीच्या उड्या, चौथ्यात लाकडी खोक्यावर चढ-उतर, पाचव्यात वाळूची पिशवी उचलून ठेवणं, सहाव्यात कोपरांवर शरीर ताठ धरून राहणं, सातव्यात जागच्या जागी धावणं, आठव्यात डंबेल. शिट्टी वाजली की सुरू, शिट्टी वाजली की थांबायचं आणि पुढच्या गोलात जायचं. आठही गोल झाले की एक फेरी. अशा तीन फेऱ्या, दोन फेऱ्यांच्या मध्ये दोन-दोन मिनिटं दम खायचा. सगळं मिळून अर्धा तास.

"यात जादू काही नाही," ते नव्या माणसाला सांगत. "पाय दमले की हातांना काम, हात दमले की पोटाला. म्हणजे एक भाग विसावा घेतो आणि काळीज मात्र चालूच राहतं. बसून राहायची सोय कुणालाच नाही, एवढंच."

पण त्यांचा खरा जीव होता तो शेवटच्या पाच मिनिटांत. भिंतीवर फळा टांगलेला होता आणि त्यावर ते प्रत्येकाला त्याचा हिशेब करून दाखवत. आज किती कॅलरी जळल्या? तर आधी श्रमाचा आकडा धरायचा. माणूस नुसता बसला असेल तर एक. रमतगमत चालला तर तीन. आपलं सर्किट, मधल्या विश्रांतीसकट, सहा. त्याला आपल्या वजनाच्या किलोंनी गुणायचं आणि तासांनी गुणायचं. अर्धा तास असेल तर निम्मं. अठ्ठ्याहत्तर किलोच्या माणसाचे सहानं गुणून झाले चारशे अडुसष्ट, त्याचे निम्मे दोनशे चौतीस.

इथे लोक खूश होऊन टॉवेल उचलायचे, आणि इथेच काटेमास्तरांची वजाबाकी यायची. "थांबा. हा अर्धा तास घरी बसून काढला असता तरी एकोणचाळीस जळल्याच असत्या. त्या व्यायामाच्या नावावर कशाला? वजा करा. राहिल्या एकशे पंच्याण्णव."

एक ड्रायव्हर विचारायचा, "म्हणजे बिस्किटं किती, मास्तर?"

"चार."

"एवढा घाम गाळून चार बिस्किटं!"

"पाचवं खाल्लंस तर उद्या यायला लागेल."

एका कारकुनाच्या मनगटावर नवं घड्याळ होतं, ते एका सर्किटचे सहाशे दाखवी. भावोजी त्या घड्याळाकडे असे बघत, जसं एखाद्या लबाड ट्रकाकडे बघावं. "हा अंदाज असतो," ते म्हणत. "कुणी जोर लावतो, कुणी नुसता हलतो, थोडं इकडेतिकडे व्हायचंच. पण तिप्पट? इतकी चूक अंदाजात नसते, इतकी चूक असली की समजायचं, दुसरंच काहीतरी आहे." हे वाक्य त्यांच्या घरीही मी माझ्या कानांनी कितीदा तरी ऐकलंय.

आणि मग ते सांगत की एक किलो चरबी म्हणजे साधारण सात हजार सातशे कॅलरी. आठवड्याला चार सर्किट धरली तर एक किलो उतरायला दहा आठवडे. लोकांचे चेहरे पडत. विसांतले आठ पुढच्या आठवड्यात येत नसत. ताई म्हणायची, "अहो, जरा गोड बोला ना." ते म्हणायचे, "काटा गोड बोलत नसतो."

ताई पहिल्या दिवसापासून वर्गात होती. शाळेत गणितात दोनदा नापास झालेली माझी ही बहीण, पण भावोजींनी तिला त्या फळ्यापाशी हा हिशेब शिकवला आणि कशी कोण जाणे, तिला त्याची गोडी लागली. पुढे नव्या माणसाचं वजन घेणं आणि त्याच्या हिशेबाची चिठ्ठी करून देणं हे काम तिचंच झालं. गुणाकार करताना जीभ दातांत धरायची. स्वतः मात्र ती वर्षभरात ऐंशीची अठ्ठ्याहत्तर झाली, तेवढीच. "मी खाऊन भरून काढते," म्हणायची आणि खो-खो हसायची.

दीड वर्ष झालं तसं वर्गाला ओहोटी लागली. कधी सात माणसं, कधी पाच. साहेबांनी सांगून ठेवलं की शेड परत लागणार आहे. भावोजी पुन्हा गप्प गप्प झाले, आजारपणात होते तसे. तेव्हा त्यांनी एक बदल केला. पूर्वी तीस सेकंद काम आणि तीस सेकंद विश्रांती असे, ते त्यांनी चाळीस आणि वीस केलं. श्रमाचा सहाचा आकडा तेव्हापासूनचा, त्याआधी ते पाच धरत.

आणि त्याच महिन्यात ताईचं वजन उतरू लागलं.

आधी एक किलो, मग दोन, पाच आठवड्यांत चार. भावोजींचा आनंद गगनात मावेना. "बघा, चाळीस-वीस! वर्षभर शरीर ऐकत नव्हतं, आता ऐकायला लागलं." ताईला ते सगळ्यांपुढे उभं करत. माणसं परत येऊ लागली. आलेल्यांनी शेजाऱ्यांना आणलं. वीस, पंचवीस, तीस. खडूच्या आठ गोलांशेजारी तसेच आणखी आठ काढावे लागले, आणि शेडचं नाव साहेबांनी पुन्हा काढलं नाही.

मी काय करत होते? मी टेप धरून बसले होते. दर पंधरा दिवसांनी ताई कपडे घेऊन यायची, कमरेत आत घे म्हणायची. एक इंच, मग दीड, मग पुन्हा एक. तोंडात टाचण्या धरून मी म्हटलं, "काय गं, मला पण घेऊन जा की तुझ्या त्या पोत्यांत." खरं सांगते, मला हेवा वाटत होता. एवढी वर्षं लोकांची मापं घेतली मी. माणूस पोटावर उतरला की कसा उतरतो मला ठाऊक आहे, आणि ही खांद्यांत, मनगटांत, मांड्यांत उतरत होती. हे हातांना कळलं होतं. डोक्यापर्यंत मी पोहोचू दिलं नाही.

पाचव्या आठवड्यात तिची पाठ दुखू लागली. भावोजींनी तिचा वाळूच्या पिशवीचा गोल बदलला. तरी दुखायचं थांबेना, म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. मी बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, "वजन कमी झाल्यासारखं वाटतंय?" ताईनं तोंड उघडायच्या आत भावोजी म्हणाले, "झालंच आहे. केलंय आम्ही! चार किलो." आणि त्यांनी डॉक्टरांना चाळीस-वीस समजावून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, अरे वा, मग स्नायू आखडले असतील. गोळ्या दिल्या. जाताना डॉक्टरांनी वर्गाची वेळसुद्धा विचारून घेतली. आम्ही तिघं हसत बाहेर पडलो. म्हणजे आम्ही दोघं हसत होतो. ताईचं मला आता आठवत नाही, आणि किती आठवायचा प्रयत्न केलाय ते माझं मला माहीत.

आणखी पाच आठवडे गेले. एका सकाळी माझ्या दुकानात उजेडाला उभी असताना मला तिचे डोळे पिवळे दिसले.

मोठ्या दवाखान्यात दोन दिवस तपासण्या चालल्या. तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं. पोटात, अगदी मागच्या बाजूला गाठ होती. त्यांनी विचारलं, "वजन किती दिवसांत उतरलं?" भावोजी म्हणाले, "दहा आठवडे. नऊ किलो. पण ते व्यायामानं." बाईंनी फाईलमधून मान वर केली. "कुठला व्यायाम करतात?" भावोजींनी सांगितलं. "किती वेळ?" अर्धा तास, आठवड्यातून चारदा. बाईंनी ते लिहून घेतलं आणि त्या आत गेल्या.

भिंतीला लागून बाकडं होतं, त्यावर भावोजी बसले. खिशातून पेन काढलं आणि एका तपासणीच्या पाकिटाच्या पाठीवर मांडायला लागले. मला वाटलं, कुणाला कळवायचंय त्यांची नावं लिहितायत. वाकून पाहिलं तर हिशेब. नऊ गुणिले सात हजार सातशे, एकोणसत्तर हजार तीनशे. भागिले एकशे पंच्याण्णव. उत्तराखाली त्यांनी दोनदा रेघ मारली.

"तीनशे पंचावन्न," ते म्हणाले. "नऊ किलो उतरवायला तीनशे पंचावन्न सर्किट करायला हवी होती तिनं. दहा आठवड्यांत तिनं चाळीस केली."

"भावोजी, आता राहू द्या ते."

"चाळिसांचा एक किलो. आठ किलो कुठे गेले?" त्यांनी पुन्हा कागदावर पेन टेकवलं. "जेवण तर होतं तेवढंच होतं. ताटात दोन घास राहायचे, तेवढ्यानं आठ किलो जात नाहीत. आणि चाळीस-वीसनं पडला तो फरक किती? सहा आणि पाचातला. एकोणचाळीस कॅलरी. एका बिस्किटाइतकासुद्धा नाही गं." ते माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांना दिसत नव्हते. "कुणा दुसऱ्याची बायको असती तर मी पहिल्या पंधरवड्यात अडवलं असतं."

मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की हात उगारला जाईल असं वाटलं. आणि लगेच माझ्याच टाचण्या आठवल्या. मी त्यांच्याशेजारी बसले.

ताई त्यानंतर सात महिने होती. भावोजींनी नोकरीवर रजा टाकली, मग नोकरीच सोडली. तिला उठवणं, बसवणं, भरवणं, सगळं ते करत. दवाखान्यातल्या प्रत्येक डॉक्टरला त्यांनी गाठून तोच प्रश्न विचारला, की पाच आठवडे आधी कळलं असतं तर? एकानं सांगितलं, फारसा फरक पडला नसता. दुसरा म्हणाला, सांगता येत नाही, कदाचित शस्त्रक्रिया जमली असती. पहिल्याचं त्यांनी ऐकलंच नाही.

शेवटच्या महिन्यात ती दवाखान्यातच होती. एका दुपारी भावोजी औषधं आणायला गेले असताना ताईनं मला जवळ बोलावलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"एक सांगते, पण ह्यांना सांगायचं नाही."

"नाही सांगत."

"मला माहीत होतं गं. म्हणजे हे नाही, गाठ वगैरे नाही. पण हिशेब जमत नाहीये एवढं माहीत होतं. तिसऱ्याच आठवड्यात मांडून बघितला मी."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलेच. बाजूच्या खाटेवरची बाई बघायला लागली.

"आधी वाटलं, माझंच चुकलं असेल. माझं गणित तुला माहितीये. मग पुन्हा मांडला, तेच आलं. हे किती खूश होते. छातीत दुखल्यापासून असे खूश मी बघितले नव्हते. माणसं येत होती, शेड राहिली होती. मी म्हटलं, आणखी एक आठवडा जाऊ दे. असं म्हणत म्हणत..." आणि मग ती हसली, तिचं ते जुनं हसू. "आणि मलाही बरं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा लोक मला बारीक म्हणत होते."

मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. मरणाच्या दारातल्या बहिणीला कुणी बोलू नये असं बोलले, आणि त्याची माफी मागायची राहून गेली, कारण तेवढ्यात भावोजी औषधं घेऊन आले आणि ताईनं माझा हात दाबला.

ती गेल्यावर चार महिने शेड बंद होती. मग लोकांनीच आग्रह केला आणि भावोजींनी वर्ग पुन्हा उघडला. आता दर सोमवारी ते सगळ्यांची वजनं घेतात. हिशेबापेक्षा जास्त कुणाचं उतरलं असेल तर त्याला शेवटची शिट्टी वाजेपर्यंत बाकावर बसवतात आणि डॉक्टरांकडे जाऊन ये, मगच गोलात उभं राहा असं सांगतात. लोकांना ते आवडत नाही. वजन उतरलं म्हणून पेढ्यासारखं तोंड करून आलेल्या माणसाला असं बसवलं तर कसं आवडेल? बरेच जण सोडून गेले. आता नऊ-दहा येतात. भावोजींना त्याचं काही वाटत नाही.

मीही जाते. व्यायामासाठी म्हणा, त्यांच्यावर लक्ष ठेवायला म्हणा. गेल्या आठवड्यात सगळे गेल्यावर आम्ही दोघं चटया गुंडाळत होतो. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुला काही बोलली होती का गं ती? तिच्या लक्षात आलं होतं का, की वजन जास्त उतरतंय?"

वर्षभर मी या प्रश्नाची वाट बघत होते, त्यामुळे उत्तर तयार होतं. "नाही हो, भावोजी. तिच्या कुठलं लक्षात येतंय? गणितात दोनदा नापास झालेली ती. शेवटपर्यंत खूश होती बिचारी."

त्यांनी हातातली चटई गुंडाळून संपवली, दोरी बांधली, भिंतीशी उभी केली.

"दीड वर्ष नव्या माणसांच्या चिठ्ठ्या तीच करायची," ते म्हणाले. "एकही चुकली नाही. मी सगळ्या तपासायचो."